भाषांचे गोत्र कसे ठरते?

३ जून १७६९ या दिवशी शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकणार होता. हा दुर्मीळ योग टिपण्यासाठी जगभर मोहिमा निघाल्या. त्यांतली एक नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, वार्डो नावाच्या बेटावर जाऊन थांबली. मोहिमेचे प्रमुख होते व्हिएन्नाच्या दरबारातले खगोलशास्त्रज्ञ मॅक्सिमिलियन हेल, आणि त्यांचा मदतनीस होता यानोश शायनोविच हा हंगेरीचा जेझुइट पाद्री. शुक्राची निरीक्षणे झालीच, पण शायनोविचने तिथून आणखीही एक गोष्ट परत नेली. त्या भागात रेनडिअर पाळणाऱ्या आणि मासेमारी करणाऱ्या सामी लोकांची भाषा त्याने कान देऊन ऐकली आणि तिच्यात त्याला आपल्या मातृभाषेची खूण पटत गेली. १७७० मध्ये त्याने कोपनहेगनला लॅटिनमध्ये एक ग्रंथ छापला. हंगेरियन आणि सामी या भाषा एकच आहेत, असा त्याचा दावा होता.

हंगेरीतल्या सरदार मंडळींना हे मुळीच रुचले नाही. त्यांच्या लेखी हंगेरियन म्हणजे अटिलाच्या हूणांचे वंशज, युरोपला घोड्यांच्या टापांखाली तुडवणारे वीर. त्यांनी बर्फातल्या कोळ्यांशी सोयरीक कशी मानायची? ‘माशाच्या तेलाचा वास येणारे नाते’ अशी या शोधाची टर उडवली गेली. तो राग पुढे शंभर वर्षे धुमसत राहिला.

‘एकच’ हा शब्द शायनोविचने जास्तीचाच वापरला. पण दिशा त्याची बरोबर होती. हंगेरियन ही फिनिश, एस्टोनियन आणि सामी भाषांची दूरची नातेवाईक आहे, हे आज निर्विवाद आहे. ते कशावरून? शब्द ऐकायला सारखे वाटतात म्हणून नव्हे. फिनिशमध्ये माशाला ‘काला’ म्हणतात, हंगेरियनमध्ये ‘हॉल’. तीन म्हणजे फिनिशमध्ये ‘कोल्मे’, हंगेरियनमध्ये ‘हारोम’. डोके म्हणजे इकडे ‘पॅ’, तिकडे ‘फेय’. घरटे इकडे ‘पेसॅ’, तिकडे ‘फेसेक’. सुटा शब्द घेतला तर नाते दिसणारही नाही. पण शब्द शेजारी मांडले की लक्षात येते, जिथे फिनिशमध्ये सुरुवातीला ‘प’ आहे तिथे हंगेरियनमध्ये ‘फ’ येतो, आणि आ-ओ यांसारख्या स्वरांपूर्वी जिथे ‘क’ आहे तिथे ‘ह’ येतो. पुढे इ-ए असतील तर ‘क’ तसाच राहतो. म्हणून हाताला फिनिश लोक ‘कॅसि’ म्हणतात आणि हंगेरियन ‘केझ’.

भाषांच्या नात्याचा पुरावा हा असा असतो. साम्य किती आहे याला फारसे महत्त्व नाही. फरक नियमाने पडतो का, हा खरा प्रश्न. एका शब्दात पडलेला फरक त्याच जातीच्या दुसऱ्या, दहाव्या, पन्नासाव्या शब्दातही तसाच पडला पाहिजे. तो पडला नाही तर त्याचे कारण सापडले पाहिजे.

या कसोटीवर युरोपचा भाषिक नकाशा बराच सोपा होतो. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या जर्मानिक शाखेच्या. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, रोमानियन या लॅटिनच्या लेकी. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन वगैरे स्लाव्ह. लिथुआनियन आणि लॅटवियन बाल्टिक. आयरिश आणि वेल्श केल्टिक. ग्रीक आणि अल्बेनियन आपापल्या शाखेत एकेकट्या. या सगळ्या मिळून इंडो-युरोपीय हे मोठे कुळ होते, आणि त्याच कुळात फारसी, संस्कृत आणि मराठीही येतात. कुळाबाहेर उरतात ती फिनिश-हंगेरियन मंडळी, पूर्वेकडच्या तुर्कीसारख्या भाषा आणि माल्टाची भाषा. माल्टीज लिहितात रोमन लिपीत, तिच्यात इटालियन शब्दांची रेलचेल आहे, युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांतही ती बसते. पण हाडाने ती अरबीच. आणि स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर एक बास्क, जिचे जगात कुणाशीच नाते सिद्ध झालेले नाही.

ही पद्धत खरोखर चालते का, हे तपासायला एक चांगली जागा आहे. लॅटिनच्या लेकींची आई आपल्याला ठाऊक आहे, तिचे ग्रंथ हाताशी आहेत. कॅफेत मिळणाऱ्या ‘लाते’ कॉफीतला ‘लाते’ म्हणजे इटालियन ‘लात्ते’, दूध. दूध स्पॅनिशमध्ये ‘लेचे’, रोमानियनमध्ये ‘लाप्ते’. आता रात्र पाहा : ‘नोत्ते’, ‘नोचे’, ‘न्वाप्ते’. आठ पाहा : ‘ओत्तो’, ‘ओचो’, ‘ओप्त’. इटालियनमध्ये ‘त्त’, स्पॅनिशमध्ये ‘च’, रोमानियनमध्ये ‘प्त’, ठरल्यासारखे. मूळ लॅटिनमध्ये तिन्ही ठिकाणी ‘क्त’ होता. आपल्याकडे प्राकृताने याच धर्तीवर सप्तचे ‘सत्त’ आणि अष्टचे ‘अट्ठ’ केले, मराठीने त्यांचे सात आणि आठ केले. लॅटिन ‘सेप्टेम’चे इटालियनमध्ये ‘सेत्ते’ झाले आहे. हजारो मैलांवरच्या दोन जिभांनी जोडाक्षराचा एकसारखाच कंटाळा केला.

युरोप आणि भारत यांच्या भाषांतले साम्य पहिल्यांदा ज्यांच्या ध्यानात आले, त्यांतले दोघे गोव्याशी जोडलेले आहेत. ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले होते. त्याच दशकात फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती याने सहा, सात, आठ, नऊ हे आकडे आणि देव, सर्प असे शब्द इटालियनशी जुळतात, असे मायदेशी कळवले. १७६७ मध्ये पुदुच्चेरीच्या केर्दू या फ्रेंच जेझुइटाने हीच गोष्ट अधिक पद्धतशीरपणे लिहून पॅरिसला पाठवली. ते टिपण छापले गेले १८०८ मध्ये. तोवर श्रेय विल्यम जोन्स घेऊन गेले होते. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत २ फेब्रुवारी १७८६ रोजी केलेल्या भाषणात त्यांनी मांडले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य योगायोगाचे नाही. तिन्ही एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम आता कदाचित शिल्लकही नसेल. जोन्स यांच्या विधानातला हा शेवटचा भाग आपल्याकडे बहुधा गाळूनच सांगितला जातो.

तरीही हे सारे साम्यच. आणि साम्य फसवते. लॅटिन ‘देउस’ आणि ग्रीक ‘थेओस’, दोन्हींचा अर्थ देव, दोन्ही दिसायला जुळे, पण नाते काही नाही. लॅटिन शब्द आपल्या ‘देव’चा भाऊ आहे, ग्रीक शब्द वेगळ्याच मुळाचा. इंग्रजी ‘मच’ आणि स्पॅनिश ‘मुचो’ दोन्ही म्हणजे ‘पुष्कळ’, नाते शून्य. याउलट आर्मेनियन भाषेत दोनला ‘येर्कू’ म्हणतात. ‘द्वि’ किंवा ‘टू’शी त्याचा काही संबंध असेल असे कुणाला वाटणार नाही, पण तो आहे, आणि नियमाने आहे.

उसनवारीचा गोंधळ निराळाच. इंग्रजीच्या शब्दकोशात निम्म्याहून अधिक भरणा फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेल्या शब्दांचा आहे, म्हणून ती लॅटिनची मुलगी ठरत नाही. साबण, चावी, बटाटा, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून घेतले म्हणून मराठी पोर्तुगीजांची झाली नाही, तसेच ते. शेजाऱ्याकडून भांडी आणली म्हणून सोयरीक होत नाही. गंमत म्हणजे, त्याच पोर्तुगीजांकडून आलेला ‘पाद्री’ हा शब्द लॅटिन ‘पाटेर’मधून उतरलेला, म्हणजे आपल्या ‘पितृ’चा सख्खा चुलत भाऊ. घरचाच माणूस, पण आला पाहुण्यांच्या गलबतातून.

नियम शोधण्याचे खरे काम झाले एकोणिसाव्या शतकात. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि परीकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतले व्यंजनांचे स्थलांतर मांडले. संस्कृत-लॅटिनमधल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ : पितृ, पाटेर, फादर, पाद, पेड, फूट. ‘त’च्या जागी ‘थ’ : त्रि आणि थ्री, तनु आणि थिन. ‘द’च्या जागी ‘ट’ : दश आणि टेन, दंत आणि टूथ. लॅटिन ‘क’च्या जागी ‘ह’ : श्वानासाठी लॅटिनमध्ये ‘कानिस’, इंग्रजीत ‘हाउंड’. या नियमाने खोटी नातीही उघडी पडली. इंग्रजी ‘हॅव’ आणि लॅटिन ‘हाबेरे’, दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणे’. पण लॅटिनमध्ये ‘ह’ असेल तर इंग्रजीत ‘ह’ यायला नको. ‘हॅव’चा खरा भाऊ निघाला लॅटिन ‘कापेरे’, पकडणे.

नियम झाला की अपवाद आलेच. पितृ आणि भ्रातृ या दोहोंत ‘त’ आहे. मग जर्मनमध्ये दोन्हीकडे एकच व्यंजन हवे होते. प्रत्यक्षात वडील ‘फाटर’, आई ‘मुटर’, आणि भाऊ मात्र ‘ब्रूडर’. दोघांना ‘ट’, एकाला ‘ड’. पन्नास वर्षे हा काटा सलत होता. १८७५ मध्ये कार्ल वेर्नर या डॅनिश अभ्यासकाने तो काढला, आणि त्यासाठी त्याला जावे लागले वेदांपाशी. वैदिक पठणात ‘पितृ’ आणि ‘मातृ’ यांचा उदात्त स्वर शेवटच्या अक्षरावर येतो. ‘भ्रातृ’चा पहिल्या अक्षरावर. जर्मनच्या पूर्वज भाषेतही आघात तसेच होते. आघात ‘त’च्या आधी पडला की एक परिणाम, नंतर पडला की दुसरा. पुढे जर्मनमध्ये तो जुना आघात पुसला गेला. व्यंजनावर त्याचा ठसा तेवढा उरला. पिढ्यान्‌पिढ्या वैदिकांनी तोंडपाठ करून जपलेल्या स्वरांमुळे जर्मन व्याकरणातला एक पेच सुटला, याचे मला आजही नवल वाटते.

इथे एक प्रश्न उभा राहतो. संस्कृतने इतके जपले आहे, तर तीच या सगळ्यांची आई का नव्हे? तसे सांगणारे संदेश मोबाइलवर नेहमी फिरत असतात. उत्तर संस्कृतच्या वर्गात पाठ केलेल्या एका रूपात दडले आहे : ‘चकार’. (‘चकार शब्द काढला नाही’ यातला चकार निराळा, तो ‘च’ हे अक्षर.) कृ धातूचे द्वित्व करायचे तर ‘ककार’ व्हायला हवे; ‘चकार’ का? गम् धातूचे ‘जगाम’ का? पाणिनीने नियम चोख सांगितला आहे. पण नियमामागचे कारण संस्कृतमध्ये शोधून सापडत नाही. ग्रीकमध्ये पाहिले की सापडते. तिथे अशा द्वित्वात पहिल्या अक्षराला नेहमी ‘ए’ असतो. म्हणजे मूळ रूप ‘के-कोर’ अशा धाटणीचे होते. ‘ए’च्या सान्निध्यात ‘क’ मऊ होऊन ‘च’ झाला, ‘ओ’च्या आधीचा ‘क’ तसाच राहिला, आणि मग संस्कृतने ‘ए’ आणि ‘ओ’ दोन्ही पुसून सगळीकडे अ-आ केले. ‘आणि’ या अर्थी लॅटिनमध्ये ‘क्वे’ आणि संस्कृतमध्ये ‘च’ हे याच कारणाने. हे लक्षात आले १८७०च्या दशकात, एकाच वेळी अनेकांच्या. म्हणजे स्वरांच्या बाबतीत ग्रीक अधिक जुनी, आघातांच्या बाबतीत संस्कृत. दोघी बहिणी, आई कुणी वेगळीच. हंगेरीच्या सरदारांना नको असलेले नाते नाकारायचे होते, आपल्याला हवे असलेले ओढून आणायचे असते. भाषा दोघांचेही ऐकत नाही.

ती आई लिहिलेली कुठेच सापडत नाही. मग तिच्याविषयीचे हे तर्क खरे कशावरून? १८७८च्या डिसेंबरात फेर्दिनां द सोस्यूर या एकवीस वर्षांच्या स्विस तरुणाने एक प्रबंध छापला. स्वरांमधल्या काही विसंगतींवरून त्याने गणित मांडले, की मूळ भाषेत आणखी काही ध्वनी असले पाहिजेत आणि ते सर्व ज्ञात भाषांतून नाहीसे झाले आहेत. कोणत्याही भाषेत न सापडलेले ध्वनी! फारसे कुणी मनावर घेतले नाही. पुढे १९०६ पासून तुर्कस्तानात बोआझकॉय येथे उत्खननात मातीच्या हजारो विटा मिळाल्या. १९१५ मध्ये बेडर्झिख ह्रोझ्नी या चेक पंडिताने दाखवून दिले, की त्यांवरची हित्ती भाषा इंडो-युरोपीय आहे. पाण्याला तिच्यात चक्क ‘वातार’ म्हणतात. आणि १९२७ मध्ये पोलंडच्या येझी कुरिलोविचच्या ध्यानात आले, की सोस्यूरने जिथे हरवलेला ध्वनी सांगितला होता, नेमक्या तशा जागी हित्तीत घशातून काढलेला ‘ह’ लिहिलेला आहे. संस्कृत ‘अस्थि’, ग्रीक ‘ओस्तेओन’ (ऑस्टिओपोरोसिसमधले ऑस्टिओ ते हेच), आणि हित्तीत ‘हास्ताई’. युरेनसच्या चालीवरून नेपच्यून शोधला गेला, त्या तोडीची ही गोष्ट. सोस्यूर तोवर वारला होता.

ही आद्य इंडो-युरोपीय भाषा कधी आणि कुठे बोलली जात होती? बैलगाडीचे भाग आठवा : चाक, आस, जू. चाक म्हणजे चक्र. त्याचाच ग्रीक भाऊ ‘किक्लोस’, ज्यातून ‘सायकल’ आली. आणि इंग्रजी भाऊ ‘व्हील’, ‘क’चा ‘ह’ होऊन. सायकलचे चाक म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो. आस म्हणजे अक्ष, इंग्रजीत ‘अ‍ॅक्सल’. जू म्हणजे युग, इंग्रजीत ‘योक’. ‘रथ’चे भाऊबंद जर्मन ‘राड’ आणि लिथुआनियन ‘रातास’, दोन्हींचा अर्थ चाक. हे शब्द नियमाने जुळतात, म्हणजे ते उसने नाहीत, वारशाचे आहेत. चाकाचे सर्वांत जुने पुरावे इसवीसनापूर्वी ३५०० च्या सुमाराचे. तेव्हा निदान युरोप आणि भारताकडच्या शाखा त्याआधी फुटलेल्या नसाव्यात. हित्तीत चाकाला वेगळाच शब्द आहे; ती शाखा आधीच घराबाहेर पडली असावी, असे बरेच अभ्यासक मानतात.

स्थळाविषयी दोन पक्ष आहेत. मारिया गिंबुटास यांनी १९५६ मध्ये काळ्या समुद्राच्या उत्तरेचा गवताळ प्रदेश सुचवला. कॉलिन रेनफ्रू यांनी १९८७ मध्ये त्याहून हजारो वर्षे जुने, आजच्या तुर्कस्तानातले शेतकरी पुढे आणले. २०१५ मध्ये प्राचीन हाडांतल्या डीएनएने पारडे गवताळ प्रदेशाकडे झुकवले. इसवीसनापूर्वी ३००० च्या सुमारास तिथले यमनाया पशुपालक पश्चिमेला सरकले, आणि थोड्याच शतकांनी जर्मनीत पुरलेल्या माणसांचा सुमारे तीन-चतुर्थांश वंश त्यांच्याशी जुळणारा निघाला. वाद मात्र संपलेला नाही. २०२३ मध्ये शब्दसंग्रहांच्या संगणकीय विश्लेषणातून या कुळाचे वय सुमारे ८,१०० वर्षे काढले गेले. चाकाच्या शब्दांशी ते कसे जुळवायचे, यावर खल सुरू आहे. माझ्या मते चाकाची साक्ष एवढ्यात बाद करण्याजोगी नाही.

पण डीएनए भाषा बोलत नाही. आजच्या हंगेरियन माणसाचा डीएनए बराचसा त्याच्या शेजाऱ्यांसारखाच आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस तिथे आलेल्या टोळ्यांची भाषा टिकली, रक्त पातळ होत गेले. बास्कांचे उलटे. २०१९ च्या एका अभ्यासानुसार इसवीसनापूर्वी २००० पर्यंत स्पेन-पोर्तुगालमधल्या पुरुषांची वाय गुणसूत्रे जवळजवळ पूर्णपणे बदलून गवताळ प्रदेशाकडून आलेली झाली होती. बास्कही त्याला अपवाद नाहीत. तरी भाषा त्यांनी ठेवली ती जुनीच. भाषेच्या कुळाला रक्ताचे कुळ समजू नका, असे मॅक्स म्युलर यांनी १८८८ मध्येच बजावले होते. ‘आर्य वंश’ म्हणणे हे डोक्याच्या आकारावरून शब्दकोशाची जात ठरवण्याइतकेच चुकीचे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढच्या साठ वर्षांत जर्मनीने त्याकडे दुर्लक्ष करून काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे.

बास्कची गोष्ट अजून चालू आहे. २०२१ मध्ये स्पेनच्या नवारा प्रांतात, इरुलेगी येथील उत्खननात काशाचा एक सपाट पंजा सापडला. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातला, त्यावर चार ओळींचा मजकूर. २०२२ च्या नोव्हेंबरात तो जाहीर झाला तेव्हा पहिला शब्द ‘सोरिओनेकू’ असा वाचला गेला. आजच्या बास्कमध्ये ‘सोरिओनेको’ म्हणजे शुभ, भाग्याचे. वर्तमानपत्रांनी बास्कच्या पूर्वजाची सर्वांत जुनी अक्षरे म्हणून बातमी दिली, लोक आनंदले. मग भाषाशास्त्रज्ञ आले. शेवटचे अक्षर नीट वाचले आहे का, असे त्यांनी विचारले. पुढचे शब्द आजच्या बास्कशी सहज जुळत नाहीत, याकडेही बोट दाखवले. एका शब्दाचे साम्य दिसते आहे. नियम बसवायला आणखी शब्द हवेत, आणि ते अजून मातीखाली आहेत.